पाचवी फेक

(दहावी, मार्च १९९० च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत. फोनवर सांगितलं, "तू पीटीची मॅडम आहेस, काहीतरी प्रेरणादायी बोल." प्रेरणादायी या शब्दाची मला हल्ली थोडी धास्ती वाटते. का, ते पुढे ओघात येईलच. म्हणून मी ठरवलं, आपल्याला जे येतं तेवढंच बोलायचं. मला थाळीफेक येते. शाळेत असताना फेकायचे, गेली सत्तावीस वर्षं मुलामुलींना शिकवते आहे, आणि जिल्ह्याच्या स्पर्धा असल्या की लाल आणि पांढरा असे दोन झेंडे घेऊन वर्तुळाजवळ उभी राहते. तेव्हा आज विषय थाळीफेक. मागच्या रांगेत थाळी म्हटल्याबरोबर जेवणाची चौकशी सुरू झालेली मला दिसते आहे. जेवण माझ्यानंतर आहे, त्यामुळे मला ऐकण्यावाचून गत्यंतर नाही.

आपल्या शाळेची थाळी तुम्हाला आठवत असेल. लाकडी, कडेला लोखंडी पट्टी, आणि ती पट्टी एका जागी उचकटलेली. ती एक किलोची, मुलींची. पुरुषांची थाळी दोन किलोची असते आणि साधारण बावीस सेंटिमीटर रुंद. म्हणजे घरातली जेवणाची ताटली बरीच मोठी, पण तिच्यात दोन किलो वजन भरलेलं. अडीच मीटर व्यासाच्या वर्तुळात, पाठ मैदानाकडे करून उभं राहायचं, दीड गिरकी घ्यायची आणि सोडायची. सगळा कारभार दीड-दोन सेकंदांचा. चांगल्या पुरुष खेळाडूच्या हातून थाळी सुटते तेव्हा तिचा वेग ताशी नव्वद किलोमीटरच्या आसपास असतो. आपली एसटी घाट उतरताना एवढी धावली तर आपण देवाचं नाव घेतो.

यात एक गंमत आहे, जी गोळाफेकीत नाही. थाळी हवेवर तरंगते. समोरून बेताचा वारा आला तर ती जास्त लांब जाते, पाठीमागून आला तर लवकर पडते. मुलांना हे पहिल्यांदा सांगितलं की त्यांचा विश्वास बसत नाही. मग मी त्यांना पतंग आठवायला सांगते.

आणि एक नियम. थाळी जमिनीवर पडेपर्यंत वर्तुळाबाहेर यायचं नाही, आणि यायचं ते मागच्या अर्ध्या भागातून. कड्यावर पाय पडला, लाल झेंडा. माप सेंटिमीटरमध्ये घ्यायचं, आणि वरचा अपुरा सेंटिमीटर सोडून द्यायचा. हे लक्षात ठेवा. पॅरिसला २०२४ साली जमैकाचा रोजे स्टोना ७०.०० मीटर फेकून जिंकला. दुसरा आलेल्या लिथुआनियाच्या मिकोलास अलेक्नाची फेक होती ६९.९७. तीन सेंटिमीटर! म्हणजे माझी ही दोन बोटं. आणि हा अलेक्ना त्या वेळी जागतिक विक्रमाचा मालक होता. त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्याने ७४.३५ मीटर फेकून युर्गन शुल्टचा १९८६ पासून कुणी न मोडलेला विक्रम मोडला होता. बरं, पॅरिसला त्याच्या त्या ६९.९७ ने त्याच्या वडिलांचा, व्हर्जिलियस अलेक्नाचा, ऑलिंपिक विक्रमही मोडला होता. तो विक्रम मुलाकडे दोन फेऱ्या राहिला आणि स्टोनाकडे गेला. ज्यांच्या घरी एका विषयात वडील पहिले आणि मुलगा दुसरा असं असेल, त्यांनी हे घरी जाऊन सांगावं.

आपल्या पिढीला थाळीफेकपटू एकच माहीत होता, आणि तो थाळीफेकपटू आहे हे आपल्याला माहीत नव्हतं. रविवारी सकाळी ज्याच्या घरी टीव्ही त्याच्या घरी आपण सगळे गोळा व्हायचो, त्या 'महाभारता'तला भीम. प्रवीणकुमार सोबती. १९६६ आणि १९७० अशा दोन आशियाई स्पर्धांत त्याने भारताला थाळीफेकीचं सुवर्ण मिळवून दिलं होतं, आणि १९६८ आणि १९७२ ची ऑलिंपिक तो खेळला होता. पीटीच्या तासाला सरांनी हे सांगितलं तेव्हा सगळ्या मुलांनी माझ्या हातातली थाळी ओढून घेतली होती. तोवर ती मुलींची वस्तू होती. त्यानंतर बऱ्याच वर्षांनी २०१४ साली ग्लासगोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत विकास गौडाने ६३.६४ मीटर फेकून सुवर्ण घेतलं, तेव्हा मी शिक्षकांच्या खोलीत पेढे वाटले. निम्म्या जणांना पेढे कशाचे ते कळलं नाही, पण खाल्ले सगळ्यांनी.

आता मुख्य माणसाकडे येते. अल ओर्टर. अमेरिकेचा. १९५६ मेलबर्न, १९६० रोम, १९६४ टोकियो, १९६८ मेक्सिको, अशा लागोपाठ चार ऑलिंपिकमध्ये थाळीफेकीचं सुवर्णपदक. ॲथलेटिक्सच्या एकाच प्रकारात चार वेळा असं त्याच्याआधी कुणी केलं नव्हतं. चारही वेळा ऑलिंपिक विक्रम. चारही वेळा त्या क्षणी ज्याच्या नावावर जागतिक विक्रम होता तो माणूस समोर होता आणि हरला. आणि गंमत म्हणजे अमेरिकेतल्या निवड चाचणीत ओर्टरचा पहिला नंबर एकदाही आला नाही. आपल्या वर्गात अशी एक व्यक्ती होती. सहामाहीला कुठे दिसायची नाही आणि बोर्डात मात्र... जाऊ दे, ती व्यक्ती पहिल्या रांगेत बसली आहे.

ओर्टर थाळीकडे आला तोही शाळेतच. पंधरा वर्षांचा असताना तो मैदानावर धावण्याचा सराव करत होता. फेकणाऱ्या मुलांची एक थाळी घरंगळत त्याच्या पायाशी आली. त्याने ती उचलून परत फेकली, आणि ती त्या मुलांच्या डोक्यावरून पलीकडे गेली. शाळेच्या प्रशिक्षकाने पाहिलं आणि याचं धावणं बंद झालं. मी हे सांगते ते एवढ्यासाठी, की मैदानावर पायाशी आलेली वस्तू परत फेकणारी मुलं मी सत्तावीस वर्षं बघते आहे. अजून डोक्यावरून गेलेली नाही. पण मी बघत असते.

मेलबर्नला तो वीस वर्षांचा होता. कुणाच्या खिजगणतीत नव्हता. पहिल्याच फेकीला ५६.३६ मीटर, आणि तीच शेवटपर्यंत टिकली. पुढच्या वर्षी मोटार अपघातात मरता मरता वाचला. पुढे एका विमान कंपनीत नोकरी धरली, संगणकाच्या खात्यात. कॉलेज सुटल्यावर त्याला प्रशिक्षक असा नव्हता. कामावरून आल्यावर एकटाच सराव करायचा. जिथपर्यंत थाळी पोहोचवायची त्या जागी गवतावर टॉवेल टाकून ठेवायचा आणि फेकत राहायचा. पाऊस आला तर सराव थांबवायचा नाही. मनाशी धरायचं की आज ऑलिंपिक आहे, वर्तुळ निसरडं आहे आणि एकच फेक उरली आहे. मेक्सिकोला खरोखरच पाऊस आला. ज्या जे सिल्व्हेस्टरने महिनाभर आधी ६८.४० चा जागतिक विक्रम केला होता, आणि पात्रता फेरीत ६३.३४ फेकून ऑलिंपिक विक्रमही केला होता, तो अंतिम फेरीत पाचवा आला. ओर्टरने तिसऱ्या फेरीत ६४.७८ फेकली, आयुष्यात त्यापूर्वी कधी फेकली नव्हती एवढी. सिल्व्हेस्टरबद्दल कुणी भाषण करत नाही म्हणून सांगून टाकते: साठ मीटरच्या पुढे जागतिक विक्रम नेणारा पहिला माणूस तो. चार ऑलिंपिक खेळला. चौथा, पाचवा, दुसरा आणि आठवा. नंतर विद्यापीठात शारीरिक शिक्षण शिकवत राहिला, म्हणजे आमच्याच जातीचा.

पण ओर्टरची जी गोष्ट सगळीकडे सांगतात ती टोकियोची. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना ती व्हॉट्सॲपवर आलेली असेल. मानेतल्या मणक्यांचं जुनं दुखणं होतं, गळ्यात पट्टा बांधून तो सराव करायचा. त्यात स्पर्धेच्या सहा दिवस आधी सराव करताना बरगडीची कूर्चा फाटली. डॉक्टर म्हणाले, सहा आठवडे थाळीला हात लावायचा नाही. हा बर्फ लावून, छातीला चिकटपट्ट्या गुंडाळून मैदानात आला. समोर चेकोस्लोव्हाकियाचा लुडविक डानेक. दोन महिने आधीच ६४.५५ चा जागतिक विक्रम केलेला, कित्येक स्पर्धांत न हरलेला. डानेकची ६०.५२ पुढे होती. पाचव्या फेकीला ओर्टरने सगळी ताकद लावली, वेदनेने वाकला, आणि थाळी पडली ६१ मीटरवर. सुवर्ण.

गोष्ट खरी आहे. त्यातला शब्द न् शब्द खरा धरा. तरीही ती मी माझ्या मुलांना सांगत नाही.

कारण सांगते. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे नववीतला एक मुलगा होता. अंगापिंडाने दणकट, गोळा आणि थाळी दोन्ही. तालुक्याच्या स्पर्धेच्या आधी तीन आठवडे त्याची कंबर धरली होती. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली होती. मी त्याचं नाव यादीत घातलं नाही. त्याचे वडील शाळेत आले, माझ्यासमोर मोबाइल धरला. त्यात ओर्टरचा फोटो, खाली मोठ्या अक्षरांत टोकियोची गोष्ट आणि त्याखाली दोन हात जोडलेले. म्हणाले, "मॅडम, हा बघा. बरगडी मोडली तरी फेकली. आणि तुम्ही पोराला घरी बसवता." मी म्हटलं, तो अठ्ठावीस वर्षांचा होता. दोन सुवर्णपदकं घरात होती. कोणतं दुखणं किती सोसायचं हे त्याचं त्याने ठरवलं, त्याच्या वडिलांनी नाही. तुमचा मुलगा चौदा वर्षांचा आहे, त्याच्या हाडांची वाढ अजून व्हायची आहे. त्यांना पटलं नाही. नाव मी घातलं नाही ते नाहीच. मुलगा दोन महिने माझ्याशी बोलला नाही, पुढे थाळी सोडून कबड्डीकडे गेला. आता पोलीस भरतीची तयारी करतो आणि भेटला की लांबूनच नमस्कार करतो.

तर ही माझी धास्ती. चार वर्षं रोज संध्याकाळी टॉवेल टाकून केलेला सराव कुणी फॉरवर्ड करत नाही. बरगडी करतात.

ओर्टरची दुसरी एक पाचवी फेक आहे. ती टोकियोच्या चार वर्षं आधीची, रोमची. मी सांगते ती ही.

आधी पाचव्या फेकीचं म्हणजे काय, ते समजून घ्या. अंतिम फेरीत सगळ्यांना तीन-तीन फेकी मिळतात. त्यातून पुढे असलेल्यांना आणखी तीन. म्हणजे एकूण सहा. पहिलीला माणूस ताजा असतो. सहावीला गमावण्यासारखं काही उरलेलं नसतं, डोळे मिटून फेकता येते. पाचवी वाईट. पाय जड झालेले असतात, आपलं आज काय चुकतं आहे हे चार वेळा बघूनही कळलेलं नसतं, आणि अजून एक बाकी आहे म्हणून धीरही सोडता येत नाही. मी मैदानावर सगळ्यात जास्त रडू पाचवीनंतर पाहिलं आहे, सहावीनंतर नाही.

रोमला १९६० साली अमेरिकेचाच रिंक बाबका पहिल्या फेकीपासून पुढे होता, ५८.०२ मीटरवर. जागतिक विक्रमात त्याचा वाटा होता. निवड चाचणीत त्याने ओर्टरला हरवलंही होतं. ओर्टर थोडासाच मागे, दुसरा. दोन, तीन, चार, फेकी चालल्या होत्या आणि ओर्टरची थाळी काही पुढे सरकत नव्हती. थाळीफेकीत सगळे स्पर्धक एकाच बाकावर बसतात. दोन दोन, तीन तीन तास. शंभर मीटर धावणारे दहा सेकंदांत मोकळे होतात, त्यांना शेजारच्याचं तोंडही दिसत नाही. आमच्याकडे तसं नाही. शेजारच्याची प्रत्येक फेक तुम्ही बघता, आणि तो तुमची बघतो. बाबका बघत होता. त्याला दिसलं की ओर्टरचा डावा हात नेहमीच्या जागी नाही.

उजव्या हाताने फेकणाऱ्याला डावा हात कशाला लागतो, असं तुम्ही म्हणाल. लागतो. गिरकी घेताना डावा हात पुढे वाट दाखवत जातो आणि उजवा, थाळीचा, जितका मागे राहील तितका मागे राहतो. शरीर पिळलं जातं, ओला टॉवेल पिळतो तसं. तो पीळ शेवटच्या क्षणी सुटतो आणि थाळी जाते. डावा हात जरा खाली पडला किंवा घाईने उघडला, की पीळ आधीच सैल होतो. ताकद तेवढीच लागते, थाळी दोन मीटर अलीकडे पडते. आणि स्वतःचा डावा हात स्वतःला दिसत नाही. फेकणाऱ्याचं सगळं लक्ष उजव्यात असतं. म्हणून प्रशिक्षक लागतो. ओर्टरला तो नव्हता.

पाचव्या फेकीआधी बाबकाने त्याला सांगितलं, तुझा डावा हात चुकतो आहे.

ओर्टरने हात जागेवर आणला आणि फेकली. ५९.१८. बाबकाला राहिलेल्या फेकींमध्ये ते गाठता आलं नाही. बाबकाला रौप्य.

एवढीच गोष्ट आहे. बरगडी नाही, रक्त नाही, पाऊस नाही. एक वाक्य आहे, आणि त्या वाक्याची किंमत एक मीटर सोळा सेंटिमीटर आहे.

मी ही गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा मला वाटलं, हे काय अवघड! एकाच देशाचे दोघे, सांगितलं असेल सहज. नंतर स्पर्धांना झेंडा घेऊन उभी राहायला लागले तेव्हा कळलं. आपण पुढे आहोत. दुसरा आपल्या मागे हातभर आहे. त्याचं कुठे चुकतं आहे ते या अख्ख्या मैदानात फक्त आपल्याला दिसलं आहे. गप्प बसलं तर कुणी काही म्हणणार नाही, कारण कुणाला कळणारच नाही. नियमात कुठेही लिहिलेलं नाही की सांगितलं पाहिजे. आणि देश एक असला तरी पदक एकाच्याच गळ्यात पडतं. बाबका ऑलिंपिकला पुन्हा खेळला नाही, ती एकच वेळ होती.

देश एक नसतानाचंही एक उदाहरण आहे. १९७६, माँट्रियल. अमेरिकेचा मॅक विल्किन्स ६७.५० ने सुवर्ण जिंकला. दुसरा होता अमेरिकेचाच जॉन पॉवेल. शेवटच्या फेकीला पूर्व जर्मनीच्या वोल्फगांग श्मिटने ६६.२२ फेकून पॉवेलचं रौप्य नेलं. विल्किन्सने धावत जाऊन श्मिटला मिठी मारली. त्या काळी पूर्व जर्मनी म्हणजे काय, हे आपल्या इतिहासाच्या सरांनी शिकवलं आहे. अमेरिकेत त्याच्यावर खूप टीका झाली, आपला हरला आणि हा त्यांच्याला कवटाळतो म्हणून. पुढे या श्मिटला त्याच्याच देशाच्या सरकारने तुरुंगात घातलं, देश सोडून जायच्या बेतात होता या कारणावरून. विल्किन्सची मिठी पाहणाऱ्यांना तेव्हा हे काही माहीत नव्हतं. पण बाकावरच्यांना बाकावरच्यांचं थोडंफार कळतं, असं मला वाटतं. हे माझं मत, पुरावा काही नाही.

आता जवळची गोष्ट सांगते आणि संपवते. ही दोन वर्षांपूर्वीची. जिल्ह्याची स्पर्धा. माझ्या शाळेची एक मुलगी, दहावीतली, दुसऱ्या नंबरवर होती. आपल्यापैकी ज्यांची मुलं खेळतात त्यांना ठाऊक आहे, दहावीच्या मुलीसाठी जिल्हा की विभाग हा फरक नुसता पदकाचा नसतो, सवलतीच्या गुणांचा असतो. आणि या मुलीच्या घरी त्या गुणांचा हिशेब वहीत मांडलेला होता. तिच्या शेजारी बाकावर दुसऱ्या तालुक्यातली एक मुलगी. अनवाणी. तिच्या दोन चांगल्या फेकी लाल झेंड्यात गेल्या होत्या, कारण गिरकी संपताना तिचा पाय कड्यावर पडत होता. त्या दिवशी मी धावण्याच्या शर्यतींकडे होते, झेंडा दुसऱ्या पंचांकडे होता. त्यामुळे पुढचं मी स्वतः पाहिलेलं नाही, मला सांगितलं गेलं. माझ्या मुलीने तिला सांगितलं, "तू उभीच पुढे राहतेस. एक वीतभर मागे सरक." ती सरकली. तिची फेक पांढऱ्या झेंड्यात पडली आणि सगळ्यांच्या पुढे गेली. माझी मुलगी तिसरी. विभाग हुकला.

सोमवारी तिचे आईवडील शाळेत. आई बोलली नाही. वडील म्हणाले, "मॅडम, तुम्ही शिकवता का हे?" मी खरं ते सांगितलं, की हे मी शिकवलेलं नाही. पण बाबकाची गोष्ट मी वर्गात सांगते, दर वर्षी सांगते, तीसुद्धा ऐकून आहे. मग ती गोष्ट मी त्यांनाही सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली. सज्जन गृहस्थ आहेत, दुकान आहे त्यांचं. सगळं ऐकून म्हणाले, "म्हणजे तो बाबका दुसराच आला ना?"

मी म्हटलं, हो. दुसराच आला.

यावर मला पुढे काही बोलता आलं नाही आणि आजही येत नाही. सुवर्ण गेलं ते गेलंच. त्याला त्याबद्दल कुणी अर्धं पदक दिलं नाही. आणि त्या मुलीला बोर्डाने कुणाला मागे सरकायला सांगितल्याचा एक गुणही दिला नाही, दोन टक्क्यांनी तिला हवं ते कॉलेज हुकलं. हे हिशेबात धरूनच मी ती गोष्ट सांगते. यंदाही जूनमध्ये सांगितली. इथे बसलेल्या पालकांपैकी काही जण म्हणतील की दुसऱ्याच्या मुलीच्या गुणांवर ही बाई उदार होते आहे. म्हणा. मी त्यावर पुष्कळ विचार केला आहे. गप्प बसायला शिकवणारे लोक मुलांना आयुष्यात भरपूर भेटतात, त्यासाठी पीटीचा तास खर्च करायची मला गरज वाटत नाही.

ओर्टरचं पुढे काय झालं हे विचारणारा एक तरी असतो, म्हणून सांगते. मेक्सिकोनंतर त्याने खेळणं थांबवलं, आणि काही वर्षांनी पुन्हा सुरू केलं. १९८० साली, त्रेचाळीसाव्या वर्षी, ६९.४६ मीटर फेकली. मेक्सिकोच्या सुवर्णपदकापेक्षा साडेचार मीटरहून जास्त! निवड चाचणीत चौथा आला. तिसरा आला असता तरी उपयोग नव्हता, त्या वर्षी अमेरिकेने मॉस्कोवर बहिष्कार टाकला होता. म्हातारपणी चित्रं काढायला लागला. जमिनीवर रंगाचं थारोळं करायचं, त्यात थाळी आपटायची आणि उडालेला रंग कॅनव्हासवर घ्यायचा. २००७ मध्ये गेला. टोकियोला त्याच्यामागे राहिलेला डानेक १९७२ साली म्युनिकला शेवटच्या फेकीवर सुवर्ण जिंकला, तेही सिल्व्हेस्टरला मागे टाकून. बाबका गेला २०२२ मध्ये, आपल्या भीमाच्या आगेमागेच.

आणि त्या दोन मुली. दुसऱ्या तालुक्यातली ती मुलगी आता दर रविवारी सकाळी एसटीने आमच्या मैदानावर येते. माझ्या मुलीनेच तिला बोलावलं, मला विचारलंसुद्धा नाही. बूट आम्ही शाळेतल्या शिक्षकांनी मिळून घेऊन दिले. दोघी एकमेकींच्या फेकी बघतात, फक्कीने खुणा करतात आणि तासभर भांडतात. मी बाजूला खुर्ची टाकून बसते. कोण पुढे आहे असं विचाराल, तर परवाच्या रविवारी ती एसटीने येणारी पुढे होती. सव्वा मीटरने.

संयोजकांची दुसरी चिठ्ठी आली आहे. पहिली मी वाचली नव्हती. सर, बाई, नमस्कार करते. चला जेवायला.